इंजिनाचं नोझल बदलताना

साल २०१८. वैशाख महिना होता. शिरपूर तालुक्यात तापीकाठी आमची थोडी शेती आहे. मृगबागेची केळी उभी होती. घड भरत आले होते. अशा वेळी केळीला एक दिवससुद्धा पाणी चुकून चालत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि नेमकी त्याच आठवड्यात डीपी जळाली. विजेची मोटार मुकी झाली.

इंजिनघरात वडिलांच्या वेळचं डिझेल इंजिन होतं. पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं. चार वर्षं कोणी हात लावला नव्हता. पुतण्याने आणि मी हँडल मारून मारून ते सुरू केलं. सुरू झालं, पण काय विचारता! काळा धूर, ठोक्यांचा आवाज, आणि पाणी निम्मंच. मिस्त्री आला. त्याने ऐकलं, पाहिलं आणि सांगितलं, “नोझल गेलं.” दुसऱ्या दिवशी नवं नोझल आणून बसवलं, पैसे घेतले आणि गेला. इंजिन पुन्हा सुरू केलं तर धूर होताच. शिवाय इंजेक्टरच्या बुडातून फुस फुस हवा येऊ लागली.

तिसऱ्या दिवशी पुतण्याने चिडून स्वतःच इंजेक्टर बाहेर काढला. बॅटरीच्या उजेडात भोकात पाहिलं आणि ओरडला, “काका, आठे दोन वायसर शेतस!”

जुना तांब्याचा वायसर आतच चिकटून राहिला होता. मिस्त्रीने त्याच्यावरच नवा टाकला होता. त्यामुळे नोझल जरा वर राहिलं. जरा म्हणजे किती? एका वायसराच्या जाडीएवढं. तेवढ्यापायी आमचे तीन दिवस गेले. कडेच्या दोन ओळींची पानं लोंबली, आणि त्या ओळींचे घड वजनाला कमी भरले ते भरलेच.

हा धडा त्या वायसरापायी लिहिला आहे.

नोझल करतं काय?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. मग डिझेल पेटतं कशाने? सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं की नाही? दाबली की हवा तापते. डिझेल इंजिनाचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हवेला असाच दाबतो. साधारण सतरा वाट्या हवा एका वाटीत कोंबतो. त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या वर तापते. अशा तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. पिस्टन खाली ढकलला जातो, चाक फिरतं.

ही कल्पना रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरची. जन्म १८५८ सालचा, पॅरिस शहरातला. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्ग गावी त्याचं इंजिन नीट चालून दाखवलं गेलं. त्याच्या नावावरून इंजिनाला आणि मग तेलालाही डिझेल म्हणू लागले. १९०० साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात असं एक छोटं इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्या खानदेशात भुईमूग पिकतो म्हणून ही गोष्ट सांगितली. आपल्या इंजिनात मात्र शेंगदाण्याचं तेल ओतू नका. ते तेल घट्ट असतं, त्याची काजळी धरते आणि नोझलची भोकं बुजतात.

सुरुवातीच्या इंजिनांत डिझेल आत फुंकायला दाबलेल्या हवेचं वेगळं, अवजड यंत्र लागे. पुढे जर्मनीतल्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात डिझेल दाबणारा छोटा पंप तयार झाला. १९२७ सालापासून तो मोठ्या संख्येने बनू लागला. त्यामुळेच लहान इंजिनं सोपी झाली आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर आली. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांनी १९४६ साली ऑइल इंजिनांची कंपनी काढली. राजकोटकडे इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवर इंजिनं होऊ लागली. मोट गेली, बैलांची धाव ओस पडली, आणि मळ्यामळ्यातून इंजिनाची धकधक ऐकू येऊ लागली. आज बहुतेक ठिकाणी विजेची मोटार आहे, कुठे उन्हावर चालणारा पंपही आहे. तरी नदीवरून पाणी उचलायला आणि वीज गेली की अडीनडीला जुनं इंजिन अजून कामाला येतं.

आता इंजेक्टर. तो इंजिनाच्या डोक्यात बसवलेला असतो. वीतभर लांब, मुठीत मावेल एवढा जाड. त्याच्या टोकाला नोझल असतं. नोझलच्या आत सुई असते, आणि सुईला वरून स्प्रिंग दाबून धरते. पंपाकडून डिझेल जोरात आलं की सुई क्षणभर उचलते, फवारा सुटतो, सुई पुन्हा बसते. कपाशीवर औषध मारायच्या पंपाचं नोझल तुम्हाला ठाऊक आहे. नवं असताना धुक्यासारखा फवारा येतो. झिजलं की धार लागते, थेंब टपकतात. इंजिनाचंही तसंच. फक्त दाब फार मोठा. ट्रकच्या चाकात हवा असते ती चौरस सेंटीमीटरला सात-आठ किलोच्या दाबाची. आपल्या इंजिनाच्या इंजेक्टरमध्ये साधारण दोनशे किलोचा दाब असतो. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच धरा.

एक हिशेब करून पाहू. पेन्सिल घ्या. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांना एक फवारा. म्हणजे मिनिटाला ७५० फवारे. तासाला किती? ७५० गुणिले ६०, म्हणजे ४५,०००. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण बोजावर तासाला साधारण एक लिटर डिझेल खातं. त्या एका लिटरचे ४५,००० वाटे करा. एक वाटा थेंबापेक्षाही लहान होतो. एवढंसं डिझेल अचूक वेळी, धुक्यासारखं आणि न टपकता सोडायचं असतं. म्हणून सुई आणि तिचं घर यांच्यामध्ये फट ठेवतात ती केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. धुळीचा एक कण त्यात शिरला तर सुई अडकते. डिझेलमध्ये पाणी असलं तर सुई गंजते.

हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

नोझलच खराब आहे कशावरून?

काळा धूर, ठोके, सुरू व्हायला त्रास, डिझेल जास्त लागणं, ही त्याची लक्षणं. पण नुसत्या काळ्या धुरावरून नोझलला दोष देऊ नका. हवेची जाळी कचऱ्याने भरली असेल तरी काळा धूर येतो. पंपावर बोजा जास्त झाला तरी येतो. आधी जाळी साफ करून पाहा, त्याला पैसे पडत नाहीत. आणखी एक खूण आहे. इंजिनाच्या तेलाची पट्टी काढून पाहा. तेल पातळ झालं असेल, डिझेलचा वास येत असेल, पातळी न ओतता वाढली असेल, तर टपकणाऱ्या नोझलचं डिझेल खाली उतरत असण्याचा संभव मोठा. अशा तेलावर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात. नोझल बदलाल त्याच दिवशी तेलही बदला.

काढताना

इंजिन गार होऊ द्या. टाकीची तोटी बंद करा. मग लगेच पाना उचलू नका. आधी इंजेक्टरच्या भोवतालची सगळी जागा रॉकेलने किंवा डिझेलने, ब्रशने धुऊन कोरडी करा. वर्षानुवर्षांची धूळ तिथे बसलेली असते. इंजेक्टर उचलला की तीच सिलिंडरात पडते. आपल्याकडे उन्हाळ्यात वावटळी सुटतात, तेव्हा हे काम उघड्यावर करू नका. सकाळी वारा पडलेला असताना, दार लोटून करा.

पंपाकडून येणारी पोलादी नळी दोन्ही टोकांना ढिली करा. एकच टोक सोडून नळी वाकवली तर ती पुन्हा नीट बसत नाही, आटे खराब होतात. वरची परतीची बारीक नळी सोडा. उघड्या तोंडांना स्वच्छ चिंधी बांधा. दोरे निघणारी चिंधी नको, जुन्या धोतराची चालेल. आता इंजेक्टर दाबून धरणारे दोन नट थोडा हा, थोडा तो असे सोडा. इंजेक्टर काजळीने धरलेला असतो. त्याला डावी-उजवीकडे हलवत सरळ वर ओढा. पहारीने उचकटू नका. निघतच नसेल तर बुडाशी थोडं डिझेल सोडून तासभर वाट पाहा. मी एकदा वाट न पाहता हातोडीचा एक ठोका दिला होता. त्या ठोक्याची किंमत नवा होल्डर घेऊन मोजली.

इंजेक्टर निघाला? मग भोकात बॅटरी धरून पाहा. तांब्याचा जुना वायसर आत आहे का? इंजेक्टरला चिकटून आला असेल तर ठीक. नसेल तर तो आतच आहे. काजळीने काळा पडलेला असतो, त्यामुळे लोखंडासारखाच दिसतो आणि डोळ्याला फसवतो. तारेचा छोटा आकडा करून हळूच काढा. बोट घालून चाचपून खात्री करा. मग काडीला चिंधी गुंडाळून बैठक पुसा. तोटी बंद आहे ना, हे पुन्हा पाहून, बाजूला उभे राहून चाक हाताने दोन-तीन वेळा फिरवा, म्हणजे आत पडलेली काजळी हवेबरोबर बाहेर उडेल. त्या भोकावर कोणी वाकलेलं नको.

दुकानात

नोझल घरी उघडून बसवण्याच्या फंदात पडू नका. अख्खा इंजेक्टर स्वच्छ कपड्यात गुंडाळून जळगावला किंवा धुळ्याला डिझेल पंपाचं काम करणाऱ्याकडे न्या. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना भेटतात. ट्रकांची वर्दळ, त्यामुळे असे कारागीर तिथे बरेच. त्यांच्याकडे हातपंपाचं एक यंत्र असतं, त्यावर घड्याळासारखा काटा असतो. इंजेक्टर त्याला जोडून दांडा दाबतात. काटा चढतो, ठरलेल्या आकड्याला कर्र असा आवाज होतो आणि धुकं सुटतं. स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करून तो दाब तिथेच जुळवतात. या यंत्राशिवाय दाब कळत नाही. कोणी म्हणेल, “मी कानाने ओळखतो.” त्याला नमस्कार करा आणि दुसऱ्याकडे जा.

आता तुमच्या वाचनाचं काम. नोझलवर बारीक अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात. बहुधा डी, एल, एल, ए अशी इंग्रजी अक्षरं, मग एक आकडा, मग आणखी अक्षरं नि आकडे. ए नंतरचा पहिला आकडा म्हणजे फवारा किती अंशांत पसरतो त्याचं माप. दिसायला दोन नोझल अगदी जुळी असतात, पण हा आकडा वेगळा असला तर फवारा पिस्टनच्या चुकीच्या जागी पडतो. इंग्रजी येत नाही म्हणून अडत नाही. इंग्रजी आकडे तुम्ही मोबाईलवर, एस्टीच्या पाटीवर रोज पाहता. अक्षरं चित्रासारखी कागदावर उतरवून घ्या, एकही गाळू नका. जुन्या नोझलवरचा मजकूर, नव्यावरचा मजकूर आणि खोक्यावरचा मजकूर असे तिन्ही शेजारी ठेवून जुळवा. दुकानदार घाई करील. करू द्या. आमच्या गावच्या एका बाईंनी प्रौढ वर्गात आकडे शिकल्यावर याच रीतीने चुकीचं नोझल परत केलं. दुकानदार म्हणाला, “बाई, सगळी सारखीच असतात.” त्या म्हणाल्या, “मग आकडे कशाला कोरले?”

जुने मिस्त्री “मायकोचं नोझल आण” म्हणतात. मायको ही बंगलोरची कंपनी, १९५१ साली निघाली. २००८ साली तिचं नाव बॉश झालं. तेव्हा खोक्यावर बॉश असेल तर घाबरू नका, माल त्याच घराण्याचा आहे.

नवं नोझल गंज धरू नये म्हणून तेलकट लेपात बुडवलेलं येतं. कारागीर ते स्वच्छ डिझेलमध्ये धुतो का, ते पाहा. धुतल्यावर सुई तिसरा हिस्सा बाहेर ओढून नोझल तिरपं धरलं की ती आपल्या वजनाने हळूच घसरत खाली गेली पाहिजे. अडकली तर घेऊ नका. सुई आणि तिचं घर ही जोडी असते. दोन सिलिंडरच्या इंजिनाची दोन नोझलं एकदम बदलत असाल तर एकीची सुई दुसऱ्याच्या घरात जाता कामा नये.

निघताना नवा तांब्याचा वायसर मागून घ्या. जाडी जुन्याएवढीच हवी. जुना म्हणून सोबत नेलेला असला की वाद होत नाही.

बसवताना

भोकात पुन्हा एकदा बॅटरी मारा. मग एकच नवा वायसर घालून इंजेक्टर सरळ उतरवा. दोन्ही नट हाताने टेकेपर्यंत फिरवा, नंतर पान्याने अर्धा फेरा हा, अर्धा फेरा तो. एक बाजू आधी आवळली तर इंजेक्टर तिरका बसतो. आणि पान्याला पाईप लावून जोर काढू नका. फार आवळलं की नोझल पिळतं आणि आतली सुई धरून बसते. नवं नोझल पहिल्याच दिवशी वाया जातं ते असं.

आता हवा काढायची. नळ्यांत हवा राहिली तर डिझेल दाबलं जात नाही, हवाच दबते. टाकीची तोटी सोडा. गाळणीवरचा छोटा स्क्रू ढिला करा. बुडबुडे येतील, मग सलग डिझेल येईल, तेव्हा आवळा. पंपावरचा स्क्रू असाच. शेवटी पोलादी नळीचा पंपाकडचा नट आवळा आणि इंजेक्टरकडचा ढिला ठेवा. डिझेलचा दांडा पुरता उघडा, व्हाल्व उचलायचा खटका लावा आणि हँडल सावकाश फिरवा. त्या नटापाशी बुडबुडे थांबले की तोही आवळा. पुन्हा हँडल फिरवा. इंजेक्टरच्या पोटात कर्र, कर्र असा आवाज येईल. तो आला की समजा, काम झालं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल उलटं आलं तर मनगट वाचतं.

हाताला जपा

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण शेवटचं वाचलेलं जास्त लक्षात राहतं.

काही मिस्त्री इंजेक्टर बाहेरच नळीला जोडतात आणि हँडल फिरवून फवारा पाहतात. फवारा दिसतो खरा. पण बघणारा हात पुढे करतो. दोनशे किलो दाबाचा तो फवारा कातडी फोडून आत जातो. माझ्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला एक मुलगा एका गॅरेजात कामाला होता. त्याच्या बोटाच्या टोकाला असा फवारा लागला. टाचणी टोचल्याएवढं भोक. रक्त नाही, फारसं दुखलंही नाही. त्याने बोट चिंधीला पुसलं आणि काम करत राहिला. रात्री हात सुजला. घरच्यांनी हळद बांधली. तिसऱ्या दिवशी इस्पितळात नेलं तेव्हा बोट काळं पडलं होतं. ते काढावं लागलं. उजव्या हाताचं पहिलं बोट, लेखणी धरायचं.

डिझेल आत जाऊन मांसाला जाळत जातं, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून असं काही घडलं तर भोक लहान आहे की मोठं, दुखतं की नाही, हे बघत बसू नका. चोळू नका, बांधू नका. त्याच घटकेला शस्त्रक्रिया होते अशा इस्पितळात जा. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, “इंजिनाच्या दाबाचं डिझेल बोटात शिरलं आहे.” हेच शब्द सांगा. नुसतं “टोचलं” म्हणालात तर मलमपट्टी करून परत पाठवतील.

इंजिन सुरू झाल्यावर नळी कुठे गळते का, हेही हाताने चाचपू नका. खोक्याचा पुठ्ठा जवळ धरा, डाग पडला की गळती कळते. इंजिन बंद करून मगच नट आवळा. आणि इंजिनघरात विडी नको. डिझेलचं धुकं पेटायला वेळ लागत नाही.

आमचं इंजिन त्या दिवशी दुपारी लागलं. पुतण्याने जुना वायसर काढला, नवं नोझल पुन्हा बसवलं, मी हवा काढली. तिसऱ्या हँडलला धकधक सुरू झाली. धूर आला तो पातळ, नजरेला दिसेल न दिसेल असा. पाटात पाणी पडल्याचा आवाज आला तशी पुतण्याने कोळसा घेतला आणि इंजिनघराच्या भिंतीवर तारीख, नोझलवरची अक्षरं आणि आकडे, आणि खाली “वायसर १” असं लिहिलं. ते अजून तिथे आहे.